आखूड व्हर्टिकल अँटेना: एसडब्ल्यूआर 1:1 दिसला म्हणून थांबू नका

हॅम रेडिओच्या 7.1 मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल (उभा अँटेना) म्हणजे साधारण 10 मीटरचा खांब. पुण्यात कोथरूडसारख्या भागात सोसायटीच्या गच्चीवर एवढा खांब उभा करू देत नाहीत, म्हणून आपण 5 मीटरचा पाइप लावतो आणि बुडाशी कॉइल टाकतो. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटच्या 50 ओहमशी किती जुळतो याचं माप; मीटर 1:1, म्हणजे अगदी जुळलेला, दाखवतो, तरी समोरचा म्हणतो, "सिग्नल फार कमी आहे."

माझंही पहिल्या अँटेनाला असंच झालं होतं. 5 मीटरच्या पाइपचा रेडिएशन रेझिस्टन्स (रोधाचा जो भाग शक्ती हवेत टाकतो तो) जेमतेम 6 ओहम. पूर्ण उंचीच्या खांबाचा 36. मग मीटरला दिसणारे 50 ओहम आले कुठून? उरलेले 44 कॉइलमधल्या आणि अर्थिंगमधल्या तोट्याचे. 50 वॉट सोडले तर हवेत 6 जातात, बाकीची नुसती उष्णता. म्हणून रेडियल (अँटेनाच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा) वाढवल्यावर एसडब्ल्यूआर बिघडला तर ती चांगली खूण समजा: तोटा घटला. रेडियल काढू नका, बुडाशी छोटी शंट कॉइल (फीडला समांतर जोडलेली) लावून मॅचिंग करा. उलट 7.0 ते 7.2 एसडब्ल्यूआर सपाट दिसला तर संशय घ्या. आखूड अँटेनाची बँडविड्थ (एसडब्ल्यूआर चांगला राहतो तो पट्टा) अरुंदच असते.

गच्चीचा स्लॅब म्हणजे जमीन नव्हे. टाकीच्या पाइपला वायर बांधून भागत नाही, रेडियल पसरावेच लागतात.

25 मिलिमीटर जाडीच्या पाइपला कॉइल सुमारे 8 मायक्रोहेन्रीची लागते. तिचा क्यू (कॉइलचा दर्जा: जास्त क्यू म्हणजे कमी तोटा) 50 असेल तर ती एकटीच 7 ओहम खाते, म्हणजे अँटेना जेवढं बाहेर टाकते त्याहून जास्त. क्यू 200 असेल तर 2 ओहमच्या आत भागतं. पासोड्या विठोबाजवळ वायर घ्यायला गेलात तर बारीक इनॅमल वायर घेऊ नका. 2 मिलिमीटरचं तांबं घ्या आणि वेढ्यांमध्ये तेवढीच फट ठेवा.

माझं मत विचाराल तर कॉइल मोठी करण्याआधी टोकाला टॉप हॅट लावा: चार आडव्या तारा. त्यामुळे प्रवाह वरपर्यंत टिकतो, रेडिएशन रेझिस्टन्स दुप्पट-तिप्पट होतो आणि कॉइलही लहान लागते. या तारा मात्र ताण म्हणून खाली उतरवू नका, कारण उतरत्या तारेतला प्रवाह खांबातल्या प्रवाहाला विरोध करतो. ताणाला नायलॉनची दोरी वापरा.

आणि वळवाचा गडगडाट सुरू व्हायच्या आत कोॲक्स (अँटेनाची केबल) सेटपासून काढून ठेवा.