पोलीस घ्यायला आले तर काय करायचं? अटकेचे नियम, गावाकडच्या माणसासाठी

आपल्या विदर्भात अटक होते ती बहुतेक धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणातून, दारूच्या केसमधून नाहीतर निवडणुकीनंतरच्या राड्यातून, आणि होते तेव्हा कोणी अटक म्हणतच नाही. मोटारसायकलवर दोन शिपाई येतात, "चाल, ठाणेदार साहेबांनी बोलावलं, पाच मिनिटाचं काम आहे" म्हणतात आणि माणूस वावरातून जसा आला तसा, चिखलाच्या पायानं मागं बसून जातो. घरचे संध्याकाळपर्यंत वाट पाहत राहतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

म्हणून पहिले घड्याळ पाहा. किती वाजता आले, कोणत्या ठाण्याचे, छातीवरच्या पट्टीवर नाव काय, गाडीचा नंबर काय, हे घरातल्या कोणीतरी लगेच मोबाईलमध्ये टाईप करून नातेवाईकाला व्हॉट्सअॅप करा, म्हणजे वेळेसकट पुरावा राहतो. याला एवढं महत्त्व काहून? तर संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागते. आता होते काय, की माणूस सकाळी ८ पासून ठाण्याच्या बाकड्यावर बसून असतो आणि कागदावर अटक रात्री ९ ची दाखवतात. मुंबई हायकोर्टाने १९९० सालीच सांगून ठेवलं आहे की माणसाला त्याच्या मर्जीनं उठून जाता येत नाही तिथूनच अटक सुरू झाली, पोलीस नोंद कधी करतात त्यावर ते नाही. पण कोर्टात हे सांगायला तुमच्याकडे वेळ लिहिलेली पाहिजे ना.

मग सरळ विचारा, साहेब अटक आहे का चौकशी? आवाज चढवू नका, पण विचारा. चौकशी असेल तर लेखी नोटीस मागा. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, त्यात कलम ३५(३) ची नोटीस म्हणजे तुमच्यावर संशय आहे आणि १७९ ची म्हणजे तुम्ही साक्षीदार आहात. साक्षीदार म्हणून बाईला, १५ वर्षांखालच्या पोराला, साठीच्या वरच्या म्हाताऱ्याला, अपंग किंवा खूप आजारी माणसाला ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं असते. आणि ३५ ची नोटीस नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवली तर ती चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं. मात्र नोटीस हातात मिळाली तर त्या तारखेला जाच, पोच घ्या, दांडी मारली तर मग अटकेचं कारण आपणच त्यांच्या हातात देतो.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात गुन्हा दाखल झाला म्हणून लगेच उचलायचं असं कायदा म्हणतच नाही. पळून जाईल, पुरावा मिटवेल, साक्षीदाराला धमकावेल असं काही ठोस कारण लागते आणि ते लिहून ठेवावं लागते, २०१४ च्या अर्णेश कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पोलीस आणि मॅजिस्ट्रेट दोघांनाही हे बजावलं आहे. नुसती शिवीगाळ, साधी मारहाण, त्यात एनसी होते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, तिथं कोर्टाच्या वॉरंटशिवाय अटक नाही. आणि माणूस साठीच्या वर असेल किंवा अशक्त असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल तर डीवायएसपीची (पोलीस उपअधीक्षकाची) किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. गावात हे कोणालाच माहीत नसते.

अटकच आहे म्हणाले तर झोंबाझोंबी अजिबात नको. पळू नका, कॉलर धरू नका, बायापोरांनी गाडीसमोर आडवं पडू नये. शासकीय कामात अडथळा (पूर्वी आयपीसीचं कलम ३५३, आता त्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं १३२) अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही, आणि मूळ केस राहते बाजूला, यातच माणूस अडकतो. आपली लढाई कागदावर करायची आहे.

पहिला कागद म्हणजे अटकेचा मेमो, अटकेची लेखी नोंद. डी. के. बसू केसमध्ये १९९६ साली सुप्रीम कोर्टाने हे घालून दिलं आणि आता ते कायद्यातच आहे. त्यावर तारीख, वेळ, आणि घरच्या माणसाची नाहीतर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते, पोलीस पाटील किंवा सरपंच असला तरी चालते. सही करायच्या आधी वेळेचा रकाना पाहा. तो कोरा असेल किंवा चुकीचा असेल तर सहीजवळ खरी वेळ स्वतःच्या हातानं लिहा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, आणि पोलीस घेतात त्या जबाबावर तर कायद्यानं सही लागतच नाही, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात तसाही धरत नाहीत.

दुसरा कागद अटकेच्या कारणांचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलं की कारणं लेखी द्यायची, कोणताही गुन्हा असो, आणि आरोपीला कळते त्या भाषेत द्यायची, लगेच जमत नसेल तर निदान रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायच्या दोन तास आधी. मला हा मुद्दा फार मोठा वाटतो. धारणीकडचा कोरकू माणूस, भामरागडचा माडिया माणूस, त्याच्याकडून न समजलेल्या मराठी कागदावर अंगठा घ्यायचा आणि म्हणायचं याला सगळं समजावून सांगितलं, हे आता चालायला नको. मला ही भाषा येत नाही हे तिथंच बोला आणि मॅजिस्ट्रेटसमोरही बोला.

बाईच्या बाबतीत सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. अंगझडतीही बाईनंच घ्यायची. १९७२ साली आपल्याच गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, सुप्रीम कोर्टातून ते सुटले, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. म्हणून रात्री बाईला ठाण्यात न्यायला कोणी आलं तर घरच्यांनी आणि मोहल्ल्यानं नियम विचारायलाच पाहिजे. अठराच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागते.

अटकेनंतर डॉक्टरकडे नेतात. तिथं डॉक्टर घाईत असतात आणि शिपाई बाजूला उभा असतो, तरी मार लागला असेल तर कुठं आणि कशानं ते सांगा, रिपोर्टची कॉपी मिळायचा हक्क आहे. मग कोर्टात मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? बहुतेक जण मान खाली घालून "नाही साहेब" म्हणतात, कारण बाहेर तेच पोलीस आहेत. पण त्या एका मिनिटात बोललेलं कोर्टाच्या रेकॉर्डवर जाते, नंतर वकिलाला सांगून तेवढं वजन येत नाही. खरी वेळ, मारहाण, कागद न मिळणं, सगळं तिथंच बोला.

वकील चौकशीच्या वेळीही भेटू शकतो, पूर्ण वेळ बसता येत नाही पण भेटता येते. पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, घरच्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावं किंवा १५१०० वर फोन करावा. माणूस कुठं ठेवला हेच सांगत नसतील तर जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोल रूमला विचारा, अटक केलेल्यांची नावं तिथं लावणं बंधनकारक आहे, आणि तिथूनही पत्ता लागला नाही तर वकिलामार्फत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज.

गुन्हा जामीनपात्र असेल तर कोर्टापर्यंत थांबायची गरज नाही, ठाण्यातच जामीन मिळायला पाहिजे, तो हक्क आहे, त्यासाठी कोणाच्या हातापाया पडायचं नाही की पाकीट द्यायचं नाही. जामीनदार न्या, सोबत त्याचं आधार कार्ड, दोन फोटो आणि चालू सात-बारा किंवा घरटॅक्सची पावती घ्या. आठवडाभरात जामीनदार मिळालाच नाही तर तो माणूस गरीब आहे असं कायदाच धरतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं लागते.