वर्तुळातला ठिपका: सोनं की हायड्रोजन?

जुन्या रसायनाची पानं वाचायचं वेड लागलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी पाण्यातून सोनं काढलं. म्हणजे वहीत. आकृतीत दोन वर्तुळं एकमेकांना चिकटलेली, एकात ठिपका, दुसरं रिकामं आणि नाव ‘पाणी’. किमयागारांच्या खुणा नुकत्याच पाठ केलेल्या. ठिपक्याचं वर्तुळ म्हणजे सूर्य, सूर्य म्हणजे सोनं. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर कळलं, पान किमयागाराचं नव्हतंच. ते इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनचं होतं आणि त्याच्याकडे तोच ठिपका हायड्रोजनचा.

तेव्हा खुणेआधी साल बघा. १८०८ साली डाल्टनचा ग्रंथ आला, त्याच्या आधीचं पान असेल तर बहुधा ग्रहांच्या खुणा भेटतील. नुसत्या गूढ पोथ्यांतच नव्हे हं! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोफ्र्वाने १७१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेला, कोणता पदार्थ कोणाशी जास्त जोडला जातो हे दाखवणारा तक्ताही याच खुणांत आहे.

सात धातू पाठ करायला वेगळी युक्ती नको, आठवडा म्हणा. रविवार सोनं, सोमवार चांदी, मंगळवार लोखंड, बुधवार पारा, गुरुवार कथील, शुक्रवार तांबं, शनिवार शिसं. वारांत ग्रह आहेतच, त्यांना फक्त धातू चिकटवायचा.

मग पेन्सिल घ्या, कारण नुसतं बघून हे डोक्यात बसत नाही. वर्तुळाखाली अधिकचं चिन्ह टांगलं की शुक्र, म्हणजे तांबं. त्याच आकृतीच्या डोक्यावर शिंगांसारखी चंद्रकोर ठेवली की बुध, म्हणजे पारा. झिजलेल्या छपाईत ही कोर पुसट होते आणि पाऱ्याचं तांबं होतं, म्हणून इथे भिंग लावा. वर्तुळातून उजवीकडे वर बाण निघाला की मंगळ. गुरूची खूण इंग्रजी चारच्या आकड्यासारखी, शनीची लहान लिपीतल्या इंग्रजी एचसारखी, वर आडवी रेघ मारलेली. सुलटा त्रिकोण अग्नी, उलटा पाणी. वर्तुळात आडवी रेघ म्हणजे मीठ, उभी म्हणजे सोरा, बंदुकीच्या दारूतला क्षार.

आणि ही उभी रेघ डाल्टनकडे नायट्रोजनची! दुसरा सापळा. त्याचा ऑक्सिजन म्हणजे रिकामं वर्तुळ, कार्बन काळं भरलेलं, गंधकाच्या वर्तुळात अधिकचं चिन्ह. बऱ्याच धातूंना त्याने सरळ इंग्रजी आद्याक्षर वर्तुळात कोंबलं. डाल्टनच्या खुणांना हसू येतं खरं, पण एक वर्तुळ म्हणजे एक अणू, हे त्याने डोळ्यांना दाखवलं. पाण्यात मात्र तो हायड्रोजनचा एकच अणू धरायचा, त्यामुळे तिसरं वर्तुळ शोधत बसू नका.

वर्तुळं गेली आणि अक्षरं आली, ती स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याच्यामुळे, १८१३-१४ मध्ये. लॅटिन नावाचं पहिलं अक्षर, दोघांचं तेच असेल तर आणखी एक. शाळेत छळणारी चिन्हं इथली आहेत: लोखंड ‘फेरम’ म्हणून एफ-ई, शिसं ‘प्लंबम’ म्हणून पी-बी. पाऱ्याचं एच-जी ‘हायड्रार्जिरम’मधून, म्हणजे पाण्यासारखी चांदी. त्याच्या सूत्रांत अणूंचा आकडा अक्षराच्या वर दिसला तर गणितातला घात समजू नका. आज आपण तोच खाली लिहितो.

शेवटी एका कागदावर तीन रकाने आखा: किमयागार, डाल्टन, बर्झेलियस. सोन्याच्या ओळीत येईल ठिपक्याचं वर्तुळ, मग वर्तुळातला जी, मग ए-यू. हायड्रोजनच्या ओळीत पहिला रकाना कोरा सोडा. इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने या ‘ज्वालाग्राही हवे’चा अभ्यास प्रसिद्ध केला तोच मुळी १७६६ मध्ये.