रिकामी पिकअप आणि दहिवराचा रस्ता

कापूस जिनिंगला टाकून पहाटे रिकामी परतणारी पिकअप भरलेल्या गाडीपेक्षा लवकर घसरते. इंजिन पुढे, गाडी ढकलणारी चाकं मागे आणि हौदा मोकळा. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, भरल्या मालाच्या हिशेबाने कडक असतात, त्यामुळे रिकामेपणी मागचं चाक खड्ड्याखड्ड्याला उडतं. त्यात गव्हाच्या ओलितातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळी माती टाकून गेलेला असतो. तिच्यावर दहिवर पडलं की नुसता साबण.

परतीला ४० किलोचे वाळूचे चार कट्टे ठेवा, बरोबर मागच्या एक्सलवर (मागची दोन चाकं जोडणारा दांडा) किंवा वीतभर पुढे, दोराने आवळून. दगड-लोखंड नको, जोरात ब्रेक लागला की ते केबिनवर येतं. माल भरताना कट्टे उतरवा, त्यांचंही वजन धरलं जातं.

भरताना घोळ होतो तो फाळक्यापाशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेपाशी. दोन एक्सलमध्ये ३ मीटर अंतर असेल आणि मागच्या एक्सलच्या ६० सेंटीमीटर मागे ३०० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर ३६० किलो येतात आणि पुढची ६० किलोने हलकी होतात. स्टिअरिंग हलकं फिरतं म्हणून बरं वाटतं, पण ओल्या वळणावर गाडी वळायचं सोडून सरळ जाते. नाक उचललं की हेडलाइटचा झोतही उचलतो आणि धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते. डॅशबोर्डवर झोत खाली करायचं बटण असेल तर भरल्या गाडीत ते वापरा, आणि डिपरवरच, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतावर, चाला.

संत्र्याचे कॅरेट केबिनच्या जाळीला टेकवून लावायला घ्या. तुरीचे कट्टे आणि सुटा कापूस सोबत असेल तर कट्टे तळाशी, एक्सलच्या पुढे. कापूस वर, ताडपत्रीखाली.

हवा सकाळी, चाकं थंड असताना तपासा. दुपारच्या ३० अंशांत भरलेली हवा पहाटेच्या १० अंशांत ३ पीएसआयच्या आसपास उतरते. आकडा दाराजवळच्या स्टिकरवरचा. रिकाम्या आणि भरल्या गाडीचा वेगळा असतो.

मागचा भाग सरकलाच तर ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि शेपूट जिकडे जातंय तिकडेच स्टिअरिंग हळू वळवा. चिखलदऱ्याच्या घाटात रिकामी गाडी उतरवताना गिअर वळणाच्या आधीच खाली घ्या. वळणात चौथ्यावरून एकदम दुसऱ्यात टाकून क्लच सोडला, तर इंजिनाचा सगळा झटका मागच्या हलक्या चाकांनाच बसतो.