पावसाळ्यात बंद ठेवायच्या शिडाच्या बोटीचं बिल्ज कसं साफ करायचं

कोकणात १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि होड्या किनाऱ्यावर शाकारल्या जातात, तशी आम्हीही मे अखेरीला आमची छोटी शिडाची बोट ट्रेलरवर घालून ताम्हिणीतून पुण्यात आणतो आणि धायरीत एका शेडमध्ये ठेवतो. पहिल्या वर्षी वरवर पुसून ताडपत्री बांधली, आणि गणपतीनंतर हॅच, म्हणजे केबिनचं वरचं झाकण, उघडलं तर सडक्या अंड्यांसारखा असा भपकारा आला की आत उभं राहवेना. सगळा वास बिल्जचा होता, म्हणजे केबिनच्या फळ्यांखालची ती जागा जिथं बोटीतलं सगळं पाणी उतरून साचतं.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की बॅक्टेरिया त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, केस आणि खरकट्याचे कण हे त्यांचं खाणं. त्यामुळे फिनेल, कापूर, एअर फ्रेशनर यावर पैसे घालवू नका. घाण काढा आणि कोरडं करा, बास.

सुरुवात पेट्रोलपासून. आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाची, टाकी उतरवा, सगळं उघडून हवा खेळू द्या आणि पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावरच बिल्जमधलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं बटण दाबा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच बसते आणि एक ठिणगी पुरते.

पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर आधी कॉटन वेस्टने टिपून घ्या. आधीच साबण ओतला तर तेल पाण्यात मिसळतं आणि मग ते वेगळं काढता येत नाही. ते पाणी गटारात सोडू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे जळक्या ऑइलसोबत द्या. मग ट्रेलरची पुढची बाजू उचलून मागचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाचं बूच, काढा.

आता खरं काम. फळ्यांखालच्या आडव्या पट्ट्यांना तळाशी बारीक भोकं असतात, त्यातून पाणी मागे वाहतं. आमच्या बोटीत त्यातली दोन गच्च बुजली होती. बोहरी आळीतून आणलेला बाटली धुवायचा बारीक ब्रश घालून फिरवला तर केस, सुंभाचे तुकडे आणि काळा चिकट गाळ बाहेर आला आणि त्यामागे अडकलेलं मगभर पाणी भळाभळा वाहिलं. वर्षभर पंप चालवूनसुद्धा ते तिथंच होतं! म्हणून प्रत्येक भोकात ब्रश घालाच.

मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घालून घासा, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. वास उरला तर पातळ व्हिनेगर चालतं, पण ब्लीच आणि व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र नको, विषारी क्लोरीन निघतो. पंपाची जाळी काढून धुवा, फ्लोट, म्हणजे पाणी वाढलं की पंप सुरू करणारा तरंगता खटका, हाताने उचलून पंप सुरू होतो का बघा.

शेवटी स्पंज, जुने टॉवेल, आणि दोन दिवस टेबल फॅन. फळ्या परत बसवू नका, उभ्या करून ठेवा, लॉकरची दारं उघडी, ताडपत्रीखाली दोन्ही टोकांना हवेला वाट. ड्रेनच्या भोकाला मच्छरदाणीचा तुकडा लावा म्हणजे झुरळं शिरत नाहीत. दर १५ दिवसांनी खाली टिश्यू फिरवा, ओला निघाला तर पाणी कुठून येतंय ते शोधा.

आणि काढलेला प्लग लाल दोरीने सुकाणूलाच बांधा, सप्टेंबरमध्ये बोट पाण्यात सोडायच्या आधी तो हाताला लागलाच पाहिजे.