घरच्या सर्व्हरची मेमरी: या चुका टाळा

रॅम ९० टक्के भरलेली दिसली की लोक नवी पट्टी घ्यायला पळतात. तीच रॅम महिनाभर चुकीचा डेटा लिहीत असली, तर मात्र कुणाला पत्ता नसतो. घरच्या स्टोरेज सर्व्हरवर पैसे आणि फोटो, दोन्ही वाया जातात ते याच उलट्या हिशेबामुळे.

आधी ‘भरलेल्या’ रॅमचं बघू. झेडएफएस, म्हणजे अशा सर्व्हरवर डिस्कांवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम, मोकळी रॅम पडून राहू देत नाही. वाचलेला डेटा ती एआरसी नावाच्या कॅशमध्ये धरून ठेवतो, म्हणजे तोच फोटो पुन्हा उघडला की डिस्कपर्यंत जावं लागत नाही. लिनक्सवर अनेक वर्षं ही कॅश डीफॉल्टने निम्म्या रॅमपर्यंत वाढायची. ट्रूनॅस या स्टोरेज सर्व्हरच्या प्रणालीच्या लिनक्सवाल्या आवृत्तीत २४.०४ पासून ती त्याच्याही बरीच पुढे जाते. गोंधळ होतो तो पुढे. रॅमचा हिशेब दाखवणारी ‘फ्री’ कमांड एआरसीला कॅशच्या रकान्यात न दाखवता ‘यूज्ड’मध्ये धरते, आणि ‘अव्हेलेबल’चा आकडाही तिला मोजत नाही. म्हणून १६ जीबीच्या मशीनवर दीड जीबी शिल्लक दिसते आणि धडकी भरते. एआरसी समरी ही कमांड चालवून कॅशचा आकार बघा, तो यूज्डमधून वजा करा, आणि मग काय ते ठरवा.

दर तासाला कॅश रिकामी करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीची) ओळ कुठून तरी उचलून टाकली असेल तर आजच काढा. आकडा सुंदर दिसतो, पण पुढचं प्रत्येक वाचन पुन्हा डिस्कवर जातं.

खरी टंचाई वेगळी दिसते. डीमेसेज या सिस्टिमच्या नोंदींमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ सापडतं, डॉकरचा कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारं ॲप) १३७ कोड देऊन बंद पडतो, व्हीएमस्टॅट कमांडमध्ये एसआय-एसओ हे स्वॅपचे (रॅम पुरली नाही की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचे) रकाने सतत हलत राहतात. यातलं काही दिसलं तर आधी भुकेल्या कंटेनरला मर्यादा घाला. फोटो ओळखणाऱ्या ॲपला २ जीबीपासून सुरुवात करा आणि अडलं तर वाढवा. शेजारी व्हर्च्युअल मशीनही चालत असेल तर एआरसीला कमाल मर्यादा द्या. ती बाइटमध्ये लिहावी लागते, ६ जीबीसाठी ६४४२४५०९४४. डेबियन किंवा प्रॉक्समॉक्स या लिनक्सवर रूट, म्हणजे खुद्द सिस्टिमची डिस्क, झेडएफएसवर असेल तर त्यानंतर इनिट-रॅमएफएस (सुरू होताना आधी लोड होणारी फाइल) नव्याने बनवून रीबूट करायचं. हीच पायरी गाळतात आणि ‘सेटिंग लागतच नाही’ म्हणून दोन दिवस डोकं खाजवत बसतात.

डेटाचे सारखे तुकडे (ब्लॉक) एकदाच साठवून त्यांच्या नोंदींचा तक्ता ठेवणारं डीडुप घरी चालू करू नका. एका ब्लॉकच्या नोंदीला साधारण ३२० बाइट धरले, तर १२८ केबीच्या ब्लॉकने १ टीबीसाठी जवळपास अडीच जीबी रॅम जाते, आणि ब्लॉक लहान असतील तर कितीतरी जास्त. नंतर बंद केलं तरी आधीचा तक्ता तसाच राहतो. तो डेटा पुन्हा लिहावा किंवा पुसावा लागतो.

व्हिडिओ ट्रान्सकोडचा फोल्डर टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच बनवलेल्या डिस्कवर, ठेवला असेल तर तो रॅमच खातो. स्वॅप झेडव्हॉलवर (झेडएफएसने बनवलेल्या आभासी डिस्कवर) नको, मशीन अडकून बसतं.

आता खराब रॅम. इंदूरच्या रामबागेतल्या एका घरात चार डिस्कांचा, दोन मिररचा (प्रत्येकी दोन डिस्कांवर एकच डेटा) सर्व्हर होता. ८ जीबीची एक मूळ पट्टी, आणि जोडीला स्वस्तात मिळालेली जुनी ८ जीबी. विकणाऱ्याने सांगितलं, ‘चल जाएगी’. दुसऱ्या महिन्यात झेडपूल स्टेटस या कमांडमध्ये सीकेसमच्या, म्हणजे डेटा त्याच्या चेकसमशी (पडताळणीच्या आकड्याशी) न जुळल्याच्या, रकान्यात आकडे येऊ लागले. घरच्यांनी डिस्क बदलली. नव्या डिस्कवरही तेच. मग साटा केबली बदलल्या, मग रोज रात्री स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं आणि दुरुस्त करणं, लावला. खूण मात्र पहिल्या दिवसापासून समोर होती. मिररच्या दोन्ही डिस्कांवर आकडा सारखाच वाढत होता. दोन डिस्क एकाच वेळी, एकाच ब्लॉकला बिघडत नाहीत. चेकसम काढल्यानंतर आणि डिस्कवर जाण्याआधी डेटा रॅममध्येच बिघडला, की दोन्ही प्रतींवर तोच कचरा उतरतो. मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणीही केली होती, पण रात्री, डबा उघडा ठेवून, आणि एकच फेरी. ती पास झाली. पुन्हा केली तेव्हा टीव्हीखालच्या बंद कपाटात, मे महिन्याच्या दुपारी, तिसऱ्या फेरीत चुका सापडल्या. जुनी पट्टी काढली. तोवर लग्नाच्या ११ व्हिडिओ फायली कायमच्या बिघडल्या होत्या, त्या बाहेरच्या डिस्कवरून परत आणाव्या लागल्या.

म्हणून मेमटेस्ट८६ प्लसच्या किमान चार फेऱ्या. रात्रभर लागली तरी चालेल. डबा रोज जसा असतो तसाच बंद, आणि एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद. एकही चूक आली तर पट्टी नापास, ‘एकच तर आहे’ ही सबब चालत नाही. चूक आली की एकेक पट्टी मॅन्युअलने सांगितलेल्या स्लॉटमध्ये तपासा, मग स्लॉट बदलून. चूक पट्टीबरोबर हलली तर पट्टी खराब. स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट बघा. पावसाळ्यानंतर असं काही दिसलं तर आधी वीज काढून पट्टीचे सोनेरी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि बसवताना खटका ऐकू येईपर्यंत दाबा. हे सगळं होईपर्यंत स्क्रब नको. संशयाच्या रॅमवर दुरुस्ती चालवायचीच नाही.

ईसीसी, म्हणजे चुका स्वतः पकडून सुधारणारी रॅम, घेणार असाल तर आधी बोर्डावर चालणाऱ्या रॅमची यादी वाचा. मोठ्या सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड पट्ट्या स्वस्त मिळतात, पण घरगुती बोर्डावर चालत नाहीत. डीडीआर५ मधलं चिपच्या आतलं ईसीसी म्हणजे पूर्ण ईसीसी नव्हे. हार्डवेअरची माहिती देणाऱ्या डीएमआयडीकोड कमांडमध्ये डेटा विड्थ ६४ आणि टोटल विड्थ त्याहून जास्त दिसली पाहिजे, डीडीआर४ ला ७२, डीडीआर५ ला ७२ किंवा ८०. दोन्हीकडे ६४ असेल तर ईसीसी नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलसारख्या कॉम्प्युटर बाजारात पट्टी घ्यायला जाताना जुन्या पट्टीच्या लेबलचा फोटो नाही, पट्टीच घेऊन जा.

पट्टी बदलली की झेडपूल क्लिअर कमांडने चुकांचे आकडे शून्य करा, बिघडलेल्या फायली बॅकअपवरून परत आणा, आणि स्क्रब दोनदा चालवा. पहिल्या स्क्रबनंतरही जुन्या चुकांची यादी दिसत राहते. दुसरा पूर्ण झाला की ती जाते.