ख्रिस्ती महाविद्यालयात मुख्य विषयाबाहेरचे श्रेयांक कसे पूर्ण करावेत : खानदेशातील विद्यार्थी व पालकांसाठी

मुंबईचे विल्सन महाविद्यालय १८३२ पासून, सेंट झेवियर्स १८६९ पासून आणि अहिल्यानगरचे अहमदनगर महाविद्यालय १९४७ पासून चालू आहे. बारावीनंतर अशा ख्रिस्ती संस्थांकडे वळणारे विद्यार्थी नवापूर भागातील ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांतले असोत की रावेर-यावलच्या बागायतदारांच्या घरचे, प्रवेशाच्या वेळी घरात चर्चा होते ती केवळ मुख्य विषयाची. रसायनशास्त्र की अर्थशास्त्र, एवढे ठरले की पालक निश्चिंत होतात. तिसऱ्या वर्षाचा निकाल मात्र बहुधा अडकतो तो दोन-दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) इतर विषयांपायी, आणि म्हणून त्यांचे नियोजन पहिल्या सत्रातच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात राबवल्या जाणाऱ्या आराखड्यात दर सत्राला साधारण २२ याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १७६ श्रेयांक लागतात. त्यांत भाषिक क्षमतेच्या विषयांना ८, मूल्यशिक्षणाला ४, भारतीय ज्ञानप्रणालीला २, सहशालेय उपक्रमांना ८ आणि खुल्या ऐच्छिक विषयांना १० ते १२ श्रेयांक राखलेले असतात. यांत क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग धरला, तर तीन वर्षांच्या पदवीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग मुख्य विषयाबाहेरचा ठरतो. कोणत्या सत्रात काय घ्यायचे, हे विद्यापीठ ठरवते आणि महाविद्यालय स्वायत्त असेल तर ते स्वतः ठरवते. त्यामुळे जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात शिकणाऱ्या थोरल्या भावंडाचे वेळापत्रक मुंबई-पुण्यात लागू पडेल, असे गृहीत धरू नये. प्रवेश मिळताच आपल्या तुकडीचा सत्रनिहाय श्रेयांक तक्ता मागून घ्यावा आणि वसतिगृहातल्या टेबलासमोर चिकटवावा.

खुला ऐच्छिक विषय, ज्याला महाविद्यालयात सगळे ‘ओई’ म्हणतात, तो आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाणिज्य किंवा मानव्य शाखेतून निवड करावी लागते, आणि जागा मर्यादित असल्याने नोंदणी सुरू झाल्या दिवशीच अर्ज भरणे श्रेयस्कर असते. मित्राने घेतला म्हणून, किंवा गुण सहज पडतात म्हणून विषय घेऊ नये. शेतकरी कुटुंबातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याने बँकव्यवहार, सहकार किंवा कृषी अर्थशास्त्र यांपैकी काही उपलब्ध असेल तर ते अवश्य घ्यावे, कारण पीककर्ज आणि विम्याची कागदपत्रे पुढे त्याच्याच हातात येणार असतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमाचे श्रेयांकही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार मान्य होऊ शकतात. त्यासाठी नाव नोंदवण्यापूर्वी महाविद्यालयाची लेखी संमती घ्यावी, कारण परीक्षा दिल्यावर केलेली विनंती सहसा मान्य होत नाही.

पालक सर्वाधिक चौकशी करतात ती धर्मशिक्षणाची, आणि तिचे उत्तर स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच वेळी कलम २८(३) सांगते, की शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेतील कोणालाही स्वतःच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान (अल्पवयीन) असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेला हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. बारावी झालेला विद्यार्थी पुष्कळदा सतरा वर्षांचाच असतो. म्हणजे संमतीची सही पालकांची असते, आणि प्रवेशअर्जाचे शेवटचे पान न वाचता ती करू नये. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. संविधानाची ओळख, पर्यावरण यांसारखे अभ्यासक्रमातले मूल्यशिक्षण हे धार्मिक शिक्षण नव्हे. त्याला श्रेयांक आहेत, परीक्षा आहे, आणि कलम २८ चा आधार घेऊन ते टाळता येत नाही. बायबल वर्ग, प्रार्थनासभा किंवा संस्थेचा स्वतःचा नीतिशिक्षणाचा तास यांना श्रेयांक आहेत की नाहीत, आणि ख्रिस्तेतर विद्यार्थ्यांसाठी कोणता पर्याय आहे, हे प्रवेशाच्या वेळीच शांतपणे विचारावे. असा प्रश्न विचारणे हा संस्थेचा अनादर नव्हे.

भाषेच्या श्रेयांकांत सुरुवातीला सहसा इंग्रजी आणि पुढे एखादी भारतीय भाषा असते. घरात अहिराणी आणि शाळेत मराठी असा ज्याचा प्रवास झाला, त्याने इंग्रजीच्या पहिल्या सत्रातील अंतर्गत गुण सोडू नयेत. वर्गातील सादरीकरण व लेखी कामाचे हे गुण नियमित हजेरी असली की मिळतात, आणि अंतिम परीक्षेचा भार त्यामुळे हलका होतो. भारतीय भाषेत मराठी निवडता येत असेल, तर ती निःसंकोच निवडावी.

क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग हे खानदेशी विद्यार्थ्याच्या खास हिताचे श्रेयांक आहेत, आणि नेमके तेच शेवटच्या आठवड्यात घाईने उरकले जातात. अशा कामात एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले जातात, म्हणजे दोन श्रेयांकांना ६० तास. हे तास दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावी भरता येतील का, असा अर्ज मार्गदर्शक प्राध्यापकांकडे सत्राच्या पहिल्या महिन्यातच करावा. विषय लहान आणि मोजता येण्याजोगा निवडावा. उदाहरणार्थ, सावदा-रावेर पट्ट्यातील दहा केळी उत्पादकांना विचारून, कटाईच्या दिवशी जाहीर झालेला बोर्डाचा भाव किती होता आणि प्रत्यक्ष हातात किती पडला, एवढेच नोंदवावे. वहीत प्रत्येक पानावर तारीख, काम सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, गावाचे नाव, घडांचे सरासरी वजन, दोन्ही भाव आणि खाली माहिती देणाऱ्याची सही, असे रकाने आखून घ्यावेत. अशी वही तोंडी परीक्षेत पुढे ठेवली, की तास खरोखर भरले का, ही शंका परीक्षकांना राहत नाही. नवापूर-अक्कलकुवा भागातील विद्यार्थ्यांनी रोजगारासाठीचे हंगामी स्थलांतर किंवा सिकलसेल तपासणीबद्दलची जागृती हे विषय घ्यावेत. आरोग्याच्या विषयात माहिती देणाऱ्यांची नावे अहवालात घालू नयेत.

अनेक ख्रिस्ती संस्थांना समाजसेवेची जुनी परंपरा आहे, आणि सेंट झेवियर्सचा सामाजिक सहभाग उपक्रम परिचित आहे. संस्थेचे असे तास विद्यापीठाच्या श्रेयांकात धरले जातात की वेगळे असतात, याची खात्री करून घ्यावी. सहशालेय उपक्रमांच्या श्रेयांकांसाठी राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा किंवा सांस्कृतिक विभाग यांपैकी एकच गट निवडून त्यात टिकून राहावे.

शेवटी नोंदींचे काम. श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात, आणि त्यासाठी डिजिलॉकरमधून ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा कायमचा ओळखक्रमांक काढावा लागतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते आणि आधारवर बहुधा शेवटी, शिवाय वडिलांचे नाव कुठे असते तर कुठे नसते. ही तफावत राहिली तर गुण मिळूनही ते खात्यात दिसत नाहीत, म्हणून आधारची दुरुस्ती प्रवेशापूर्वी गावाकडेच करून घ्यावी. प्रत्येक निकालानंतर खात्यातील आकडा गुणपत्रिकेशी ताडून पाहावा. चौथे सत्र संपताच ८८ श्रेयांक भरतात का, हे पाहावे आणि कमी भरल्यास विषयाचे नाव, सत्र व आसनक्रमांक लिहून परीक्षा विभागाकडे अर्ज द्यावा. त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेऊन ती प्रत जपून ठेवावी.