घराजवळचे पक्षी टिपताय? या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीतलं परडं असो की येळ्ळूरचं भातशिवार, फोटो बिघडला की पहिला राग लेन्सवर निघतो. बहुतेक वेळा बिचाऱ्या लेन्सचा काही गुन्हा नसतो.

पाण्याचं भांडंच बघा. खोल बादली ठेवली तर बुलबुल काठावरून दोन घोट पितो आणि उडतो. पसरट मातीची परात घ्या. कडेला एक इंच, मध्ये फार तर दोन इंच पाणी आणि त्यात खडबडीत दगड. गुळगुळीत स्टीलवर पाय घसरतात. परात झुडपाला चिकटून ठेवली तर मांजर दबा धरतं, अगदी उघड्यावर ठेवली तर शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या धास्तीने कुणी उतरत नाही. दोन-तीन मीटर अंतर बरं. पाणी रोज बदला, नाहीतर डास पोसाल. शेजारी फूट-दीड फूट उंचीची वाळकी फांदी रोवा. पाण्यावर उतरण्याआधी पक्षी बहुधा तिथे टेकतो आणि खरा फोटो तिथेच मिळतो. परातीतला फोटो परातीचाच दिसतो. फांदीच्या मागे चार-पाच मीटर मोकळं असू द्या, म्हणजे मागची भिंत पुसट होईल.

शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, फोटोत काळाकुट्ट येतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. त्याचा जांभळा-निळा रंग पिसांवरून उजेड परावर्तित झाला तरच चमकतो. सकाळी नऊच्या आत, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून उभे राहा. विणीचा हंगाम सरला की नर मळकट होतो, छातीवर फक्त गडद पट्टा उरतो. तो वेगळा पक्षी नव्हे.

कॅमेरा सगळं दृश्य मध्यम करड्या उजेडावर आणू बघतो. त्यामुळे चिखलणीच्या ट्रॅक्टरमागच्या गडद चिखलात पांढरा बगळा जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग होतो, आणि तारेवरच्या कोतवाल पक्ष्याचं काळं भोक होतं. बगळ्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.७ ते १ ठेवा, उजळ आभाळापुढच्या कोतवालाला अधिक १. आपल्याकडच्या जुलैच्या अंधाऱ्या दिवसांत शटर १/६० सेकंदावर घसरतो आणि चुळबुळ्या शिंपी पक्ष्याचा फराटा उमटतो. बसलेल्या पक्ष्याला १/५००, शिंप्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२०००. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं चित्र नाही.

घरट्यासमोरची पानं बाजूला करू नका. आडोसा गेला की कावळ्याला वाट सापडते, पिल्लांना ऊन लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर वन्य पक्ष्याची घरटी-अंडी विस्कटणं ‘शिकार’ या व्याख्येतच बसतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको. प्रतिस्पर्धी आला समजून तो पिल्लांना भरवायचं सोडून हद्द राखत बसतो.

विणीच्या हंगामात दयाळ काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबालाही प्रतिस्पर्धी समजून खिडकीवर चोची मारतो. आतून पडदा ओढून उपयोग नाही, उलट काच जास्त आरशासारखी होते. बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. स्कूटरच्या आरशांना जुने मोजे.

आणि खानापूरकडच्या पावसात लेन्स कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा.